स्मार्ट घराची जुळवाजुळव: आधी स्पीकर की आधी स्विच?

१. जोडतार (धागाकर्ता)

स्मार्ट घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अलेक्सा घ्यावा, गूगल घ्यावा की ॲपल होम? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. बोलणारा सहायक ही या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू. एक स्पीकर उचलला, दुसरा ठेवला, संपलं. भिंतीतले स्विच, दाराचं कुलूप, छतातले दिवे मात्र एकदा बसले की वर्षानुवर्षं तिथेच राहतात. तरी खरेदी सुरू होते स्पीकरपासून, आणि मग त्याला काय काय जुळतं ते हुडकत बसावं लागतं.

माझा क्रम असा: भिंतीत कोणत्या तारा आहेत ते आधी, उपकरण कोणत्या रेडिओवर, म्हणजे कोणत्या बिनतारी पद्धतीने, बोलतं ते नंतर, मग इंटरनेट गेल्यावर काय काय चालू राहतं, आणि सहायक सगळ्यात शेवटी.

समजा घर रिकामं आहे आणि काम अजून सुरू व्हायचंय. पंचवीसेक स्विच, सहा पंखे, दोन एसी, एक कुलूप, सातआठ सेन्सर. घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. मतं हवीत, विरोधी असली तर जास्त बरं.

२. शंकासुर

मॅटर हे स्मार्ट उपकरणांचं सामायिक मानक आल्यावर हा प्रश्न उरलाच कुठे? खोक्यावर मॅटरचा शिक्का बघायचा आणि घ्यायचं. तिघांशीही जुळतं. धागा इथेच संपवता येईल.

३. रेंजबाहेर

@शंकासुर, इतक्यात संपवू नका.

मॅटर ही भाषा आहे, रेडिओ नाही. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि तेव्हाची झिगबी अलायन्स (झिगबी या बिनतारी मानकाची संघटना) यांनी डिसेंबर २०१९ मध्ये मिळून हे काम हाती घेतलं आणि १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. ही भाषा वायफाय, इथरनेट किंवा थ्रेड (कमी विजेवर चालणारं बिनतारी जाळं) यांपैकी कशावरूनही जाते. ब्लूटूथ फक्त पहिल्या जोडणीपुरतं. म्हणजे 'मॅटर आहे' एवढं कळून अर्धीच माहिती मिळाली. खोक्यावर पुढे 'थ्रेड' लिहिलं असेल तर घरात थ्रेड बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा दुवा, लागतो, आणि तो प्रत्येक स्पीकरमध्ये नसतो. ॲपलच्या होमपॉड मिनीत आहे, गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या नेस्ट हबमध्ये आहे, ॲमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या एकोमध्ये आहे. नेस्ट मिनी किंवा पाचव्या पिढीचा एको डॉट मॅटर उपकरणं चालवतो, पण त्यांच्यात थ्रेडचा रेडिओ नाही. २०२२ च्या ॲपल टीव्ही ४के मध्ये तर दोन प्रकार आहेत: १२८ जीबीच्या, इथरनेटवाल्या मॉडेलमध्ये थ्रेड आहे, ६४ जीबीच्या मॉडेलमध्ये नाही. दिसायला दोन्ही सारखेच.

दुसरी गोष्ट, मॅटरमध्ये उपकरणांचे प्रकार टप्प्याटप्प्याने आले. १.० मध्ये दिवे, प्लग, कुलपं, पडदे, थर्मोस्टॅट, साधे सेन्सर. पंखे, फ्रिज, रूम एसी, साफसफाईचे रोबो, धुराचे अलार्म हे ऑक्टोबर २०२३ च्या १.२ मध्ये. वीजवापराची मोजणी मे २०२४ च्या १.३ मध्ये. कॅमेरे थेट १.५ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२५. आणि मानकात प्रकार आला म्हणून तो तुमच्या ॲपमध्ये लगेच दिसेल असंही नाही. मानक पुढे पळतं, तिन्ही कंपन्यांची ॲपं आपापल्या सवडीने मागून येतात. म्हणून शिक्क्यावर न थांबता 'या ॲपमध्ये हा प्रकार चालतो का' ही यादी त्या त्या कंपनीच्या पानावर बघायची.

४. निळा_दिवा

थ्रेडवर धागा. आता कोणीतरी 'थ्रेडचा धागा की धाग्याचा थ्रेड' अशी कोटी करणार, म्हणून मीच करून मोकळा होतो.

५. फेज_न्यूट्रल

धागाकर्त्याशी सहमत, पण 'भिंतीतल्या तारा' एका ओळीत उरकल्या आहेत. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

स्मार्ट स्विचच्या पोटात एक छोटा संगणक असतो. दिवा बंद असतानाही त्याला वीज हवी, म्हणून त्याला फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) दोन्ही लागतात. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये स्विचबोर्डात फक्त फेज येतो आणि दिव्याकडे जातो. न्यूट्रल छतातून परस्पर होल्डरला मिळतो. अशा डब्यात न्यूट्रलवाला स्विच बसणारच नाही.

तपासायचं कसं: मेनबोर्डवरून त्या खोलीचा एमसीबी पाडा, प्लेट सोडवा, तारा एकमेकींना टेकणार नाहीत अशा मोकळ्या करा. मग एमसीबी चढवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि फेज व संशयित तार यांच्यामध्ये मोजा. पूर्ण व्होल्टेज दाखवलं तर ती तार न्यूट्रल असू शकते. 'असू शकते' म्हणतोय, कारण अर्थिंगची तारही जवळजवळ तेवढाच आकडा दाखवते! इथेच लोक फसतात. स्विचबोर्डात सॉकेट असेल तर त्याच्या अर्थच्या पिनेपासून ती तार निघते का ते डोळ्यांनी बघा. अर्थला न्यूट्रल समजून स्मार्ट स्विच जोडला तर तो चालू होतो, ॲपमध्येही दिसतो, आणि त्याचा सगळा प्रवाह अर्थिंगमधून वाहतो. आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडू शकतो. नसेल तर कोणाला पत्ताही लागणार नाही, आणि पुढे कधी अर्थिंगची तार तुटली तर त्या तारेला जोडलेली धातूची प्रत्येक वस्तू झटका देईल. तारांच्या रंगावर भरवसा नको, रंगांचे नियम देशादेशात वेगळे आणि जुन्या घरात तेही पाळलेले नसतात. हात सराईत नसेल तर हे सगळं वायरमनकडून करून घ्या.

घर रिकामं असेल तर काम सोपं आहे. प्रत्येक डब्यात न्यूट्रल ओढून घ्या आणि डबे खोल घ्या. मॉड्यूल (खटक्यामागे बसणारा स्मार्ट तुकडा), तारा, कनेक्टर हे सगळं उथळ डब्यात कोंबलं की प्लेट बसत नाही, मग ती जोर लावून दाबली जाते आणि एखादी तार टर्मिनलमधून निसटते.

६. शंकासुर

न्यूट्रल न लागणारे स्मार्ट स्विच मिळतात की.

७. फेज_न्यूट्रल

मिळतात. ते दिवा 'बंद' असतानाही त्याच्यातूनच थोडासा प्रवाह पाझरवून जगतात. अगदी कमी वॉटचा एलईडी असेल तर तेवढ्यानेही तो मंद मिणमिणतो, नाहीतर दर काही सेकंदांनी लुकलुकतो. उपाय म्हणून सोबत एक बायपास कपॅसिटर देतात. तो दिव्याच्या होल्डरपाशी, दिव्याला समांतर लावायचा असतो. बरेच जण स्विचच्या डब्यात लावतात आणि मग 'काही फरक पडत नाही' म्हणतात. शिवाय झिगबीच्या अशा स्विचमधले बहुतेक मेशमध्ये, म्हणजे उपकरणांच्या जाळ्यात, दुसऱ्याचे संदेश पुढे पाठवत नाहीत. अडला हरी म्हणून वापरावेत.

८. राउटरभक्त

मी विरोधी पक्षात. एवढी झिगबी-थ्रेडची कटकट कशाला? घरोघरी वायफाय आहेच. वायफायचे स्विच घ्या, हब (झिगबी उपकरणांना नेटवर्कशी जोडणारा खोका) नको, बॉर्डर राउटर नको. पंचवीस-तीस उपकरणांना चांगला राउटर सहज पुरतो. स्विच पाठवतो तरी काय, चालू आणि बंद. बँडविड्थ नगण्य.

९. रेंजबाहेर

@राउटरभक्त, बँडविड्थचं म्हणणं बरोबर. अडचण संख्येची आहे. काही साध्या राउटरमध्ये एका रेडिओवर ३२ साधनांची मर्यादा असते. त्यात फोन, टीव्ही, लॅपटॉप धरले की तीस स्विचना जागा उरत नाही. आणि बहुतेक वायफाय स्विचना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं.

तरी वायफायच घ्यायचं असेल तर एवढं पाळा:
- २.४ च्या पट्ट्याची चॅनल रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको.
- सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र. नुसत्या डब्ल्यूपीए३ वर बरीच उपकरणं जोडलीच जात नाहीत.
- नेटवर्कचं नाव साध्या रोमन अक्षरांत. इमोजी किंवा देवनागरी नावाला काही स्वस्त चिपा अडखळतात.
- राउटर बदलाल तेव्हा नव्यावर तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवा. हे विसरलात तर तीसच्या तीस स्विच हाताने पुन्हा जोडत बसावे लागतील.
- 'गेस्ट' नेटवर्कवर टाकणार असाल तर लक्षात घ्या, तिथे साधनांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. मॅटरची उपकरणं तिथे मुकी होतात.

मॅटरसाठी आणखी एक. ते आयपीव्ही६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) वर चालतं. कोणीतरी कधीतरी 'इंटरनेट वेगवान होतं' म्हणून राउटरवर आयपीव्ही६ बंद केलेलं असतं, आणि मग 'उपकरण प्रतिसाद देत नाही' याचं कारण सापडता सापडत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तरीही जोडणी अडते.

१०. मेश_मावशी

सेन्सर वायफायवर घेऊ नका, एवढं तरी राउटरभक्तांनी मान्य करावं. वायफायला बॅटरी फार लागते. दार उघडल्याचा झिगबी किंवा थ्रेड सेन्सर नाण्याएवढ्या सेलवर वर्ष-दोन वर्षं काढतो.

झिगबीबद्दल नेमकं सांगते. विजेवर चालणारी उपकरणं, म्हणजे स्विच, प्लग, बल्ब, संदेश पुढे पोचवतात. बॅटरीवरची नाही. त्यामुळे सेन्सर लावण्याआधी प्लग आणि स्विच जोडायचे आणि तेही हबच्या जवळून दूर अशा क्रमाने. पुष्कळ लोक टेबलावर सगळे सेन्सर हबशेजारी ठेवून जोडतात आणि मग घरभर लावत सुटतात. काही सेन्सर पहिल्या जोडणीचा रस्ता धरून बसतात आणि लांब गेले की गळतात. जिथे लावायचा तिथेच उभं राहून जोडा.

चॅनल: झिगबी आणि थ्रेड दोन्ही २.४ गिगाहर्ट्झमध्येच, वायफायच्या अंगणात. वायफाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनल त्यांच्या फटीत येतात. २५ सहसा सर्वांत शांत. २६ वर काही उपकरणं दबक्या आवाजात बोलतात, काही बोलतच नाहीत. हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर चॅनल बदलला की बॅटरीवरचे बरेच सेन्सर पुन्हा जोडावे लागतात.

संगणकाला झिगबीचं यूएसबी डोंगल लावणार असाल तर ते थेट यूएसबी ३ च्या पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टातून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर लिहिलं होतं. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा. झिगबीला नावं ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आजार या केबलने बरा होईल.

११. निळा_दिवा

मावशी, आमच्या बाजूने एक प्रश्न. स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट स्विच दोन्ही घ्यावेत का? बल्बला रंग, स्विचला सोय.

१२. मेश_मावशी

एकाच दिव्याला दोन्ही नको. स्विचने वीज तोडली की बल्ब मेला, आणि तो मेशमधला खांब असेल तर त्याच्या आधाराने चाललेले सेन्सरही गेले. रंग हवाच असेल तर ज्या स्विचमध्ये रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला भाग) आणि बटण वेगळं करता येतं असा घ्या. रिले कायम चालू, बटण फक्त बल्बला निरोप धाडतं.

आणि बल्बच्या सेटिंगमध्ये 'वीज परत आल्यावर' हा पर्याय शोधून 'आधीची स्थिती' करा. मूळ सेटिंग बहुतेकदा 'पूर्ण प्रकाश' असतं. पहाटे तीनला वीज जाऊन आली की घरभर मांडव सजल्यासारखा उजेड.

१३. फेज_न्यूट्रल

पंख्यांवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

साध्या इंडक्शन मोटरच्या पंख्याला दिव्याचा डिमर लावू नका. पंखा घूं घूं करतो आणि मोटर तापते. पंख्यासाठीचं मॉड्यूल वेगळं असतं, त्यात कपॅसिटर बदलून तीन-चार ठरावीक वेग मिळतात. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा असेल तर त्याला कोणताही रेग्युलेटर किंवा डिमर नकोच. त्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट ठरवतं. त्याला कायम पूर्ण वीज द्या आणि रिमोटची नक्कल करा.

दोन जागांवरून चालणाऱ्या दिव्याला, म्हणजे जिन्याच्या, दोन स्मार्ट स्विच लागत नाहीत. मॉड्यूल एकच, जुने दोन्ही खटके त्याच्या इनपुटला, आणि ॲपमध्ये इनपुटचा प्रकार 'खटका कोणत्याही बाजूला हलला की स्थिती बदल' असा ठेवायचा. 'दाबबटण' ठेवलं तर खटका दोनदा हलवावा लागतो आणि सगळे मॉड्यूलला शिव्या देतात.

पाणी तापवायच्या हीटरला १० ॲम्पिअरचं मॉड्यूल नको. ३००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर १३ ॲम्पिअर. तिथे मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह पेलणारा मोठा रिले) ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने हीटर. याच्या उलट एक फसवी गोष्ट: एलईडी दिवे वॉटने कमी असले तरी चालू होताना क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतात. एका रिलेवर वीसेक दिवे टाकले तर एक दिवस रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग ॲप म्हणतं बंद, दिवे म्हणतात चालू.

१४. शंकासुर

मग बीएलडीसी पंख्याच्या रिमोटची नक्कल करणारा आयआर (इन्फ्रारेड) ब्लास्टर घेतला, तर तो मॅटरचा मिळेल ना?

१५. रेंजबाहेर

मॅटरचा असो वा नसो, आयआर हा एकतर्फी संवाद. ब्लास्टर बोलतो, पंखा ऐकतो, उत्तर देत नाही. ॲपमधली स्थिती हा निव्वळ अंदाज.

यातही फरक आहे. एसीचे बहुतेक रिमोट दर वेळी पूर्ण हुकूम पाठवतात: चालू, २५ अंश, कूल, पंखा मध्यम. त्यामुळे एसी आयआरवर बरा चालतो. टीव्हीच्या आणि कित्येक पंख्यांच्या रिमोटला चालू-बंदचं एकच बटण असतं. कोणी मूळ रिमोटने पंखा बंद केला, नंतर तुम्ही सहायकाला 'बंद कर' म्हणालात, की तो चालू होतो. यावर उपाय म्हणजे वीज मोजणारं मॉड्यूल मागे लावायचं आणि वॉट बघून खरी स्थिती ठरवायची. आणि रिमोट रेडिओचा असेल, म्हणजे पंख्याकडे न रोखताही चालत असेल, तर आयआर ब्लास्टर उपयोगाचा नाही. तिथे आरएफवाला लागतो. विकत घेण्याआधी रिमोटचं तोंड हाताने झाकून बटण दाबा. तरी चाललं तर तो बहुधा आरएफ.

१६. राउटरभक्त

हाताने झाकून बघायची युक्ती आवडली. बाकी वायफायवर मी ठाम. सेन्सरपुरती माघार.

१७. गप्पिष्ट_स्पीकर

सहायकांविषयी थोडं, कारण धाग्याच्या नावात तो आहे आणि सगळे त्याला टाळताहेत.

एक, दुहेरी उपकरणं. तोच बल्ब मॅटरने जोडला आणि त्याच्या कंपनीचं खातंही जोडलं, तर ॲपमध्ये एका दिव्याच्या दोन मूर्ती दिसतात. मग 'बेडचा दिवा लाव' म्हटलं की 'या नावाची अनेक उपकरणं आहेत' असं उत्तर येतं. एक वाट ठेवा. रंगांचे खेळ किंवा कंपनीचे खास देखावे हवे असतील तर कंपनीचं खातं, नुसतं चालू-बंद-मंद पुरत असेल तर मॅटर. मॅटरमधून खास देखावे बहुतेकदा येतच नाहीत.

दोन, नावं. 'हॉल' आणि 'हॉलवे' एकाच घरात नकोत. सहायक इंग्रजीवर ठेवून उपकरणाचं नाव 'देवघर' ठेवलं तर तो इंग्रजी कानाने काहीतरी भलतंच ऐकतो. सहायकाची भाषा ठरवा, त्याच भाषेतली दोन शब्दांची नावं ठेवा. सर्वांत उपयोगी सवय अशी की प्रत्येक उपकरण खोलीत टाका आणि त्या खोलीचा स्पीकरही त्याच खोलीत नोंदवा. मग नाव घ्यावंच लागत नाही, नुसतं 'दिवा बंद' म्हटलं की त्याच खोलीतला जातो.

तीन, प्लगचा प्रकार. प्लगला दिवा लावला असेल तर ॲपमध्ये त्याचा प्रकार बदलून 'दिवा' करा. आणि प्लगवर फ्रिज किंवा राउटर असेल तर त्याला चुकूनही 'दिवा' करू नका. 'सगळे दिवे बंद कर' म्हटल्यावर राउटरच गेला तर त्याला पुन्हा चालू करायला कोणाला सांगणार?

१८. निळा_दिवा

सहायकाने स्वतःचंच नाक कापलं. 😄

१९. उघडा_दरवाजा

मिश्र घराचा प्रश्न राहिला. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असतील तर ॲपल होम हे एकमेव केंद्र करता येत नाही, अँड्रॉइडवर त्याचं ॲपच नाही. पण मॅटरचं एकच उपकरण अनेक ठिकाणी नांदू शकतं, मानकानुसार किमान पाच. पद्धत अशी:

पहिल्या ॲपमध्ये, समजा गूगल होममध्ये, खोक्यावरचा क्यूआर किंवा ११ अंकी कोड वापरून उपकरण जोडा. आयओएस १६.१ किंवा अँड्रॉइड ८.१ च्या आधीच्या फोनवरून हे होत नाही. दुसऱ्या ॲपसाठी तोच खोक्यावरचा कोड पुन्हा चालत नाही, बहुतेकांची गाडी इथेच अडते. पहिल्याच ॲपमध्ये त्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'दुसऱ्या ॲपशी जोडा' किंवा 'पेअरिंग मोड' निवडायचं. नवा तात्पुरता कोड मिळतो, तो फार तर १५ मिनिटं जिवंत. तो कॉपी करून दुसऱ्या ॲपमध्ये टाकायचा. ॲपल होमला यासाठी घरात सहसा होमपॉड किंवा ॲपल टीव्ही लागतो.

एका ॲपमधून उपकरण काढलं तर दुसऱ्यात ते राहतं. पण उपकरणाचं बटण दाबून रीसेट केलं की सगळीकडून जातं. शिवाय खोल्या, नावं, ऑटोमेशन हे एकमेकांत जात नाही. दोन ॲपं म्हणजे दोनदा नामकरण. माझं मत: ऑटोमेशन एकाच ठिकाणी लिहा, दुसरं ॲप फक्त बोलण्यापुरतं आणि बोटं फिरवण्यापुरतं. 'सूर्यास्ताला दिवा लाव' एकीकडे आणि 'सातला दिवा बंद कर' दुसरीकडे लिहिलं तर भूत शिरल्यासारखं वाटतं.

२०. जुना_खोका

ढगातल्या, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या, सर्व्हरचा मुद्दा धागाकर्त्याने नुसता स्पर्शून सोडला. नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह हबची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली आणि हब म्हणजे दाराला अडवायचा दगड उरला. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता गप्प झाले. पुढे जुन्या ग्राहकांच्याच एका गटाने कंपनी विकत घेऊन ते परत चालू केले, पण हे भाग्य दुर्मीळ. स्विच बसवल्यावर पहिली परीक्षा ही घ्या: राउटरच्या मागची इंटरनेटची तार काढा, वायफाय चालू राहू द्या. आता ॲपमधून दिवा लागतो का? ऑटोमेशन चालतं का? मॅटर आणि झिगबीचं उत्तर सहसा हो. निव्वळ कंपनीच्या ढगावर चालणाऱ्या वायफाय स्विचचं नाही. बोलून मात्र सहसा काहीच लागणार नाही, कारण अलेक्सा आणि गूगलचे बहुतेक स्पीकर आवाज समजून घ्यायला इंटरनेटवर जातात.

२१. शंकासुर

आवाज बाहेर जातो, हीच तर खरी भीती. मग बोलणारा सहायक घ्यायचाच कशाला?

२२. जुना_खोका

काही एको स्पीकरवर 'ध्वनिमुद्रण पाठवू नका' असा एक पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून काढून टाकला. मुद्रण साठवू नका हा पर्याय आहे, पण पाठवणं टळत नाही. टाळायचंच असेल तर होम असिस्टंट हे स्मार्ट घराचं सॉफ्टवेअर घरातल्या छोट्या संगणकावर चालवा. त्यांचा स्वतःचा व्हॉइस स्पीकर डिसेंबर २०२४ मध्ये आला, आवाजाचं काम घरच्या घरी करता येतं. ऐकण्यात तो अलेक्सापेक्षा कच्चा आहे. होम असिस्टंट मेमरी कार्डवर ठेवू नका, सतत लिहिण्याने कार्ड झिजतं. एसएसडी लावा आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवा.

२३. गप्पिष्ट_स्पीकर

अवांतर: कुलूप बोलून उघडण्याची सोय सहसा मुळात बंद असते, चालू केली तर बहुधा पिन मागते. पिन मोठ्याने बोलायची असते. खिडकी उघडी असली तर बाहेरच्यालाही ती पाठ होईल. लावण्यापुरता आवाज ठेवा, उघडायला बोट किंवा किल्ली.

२४. जोडतार

एवढं वाचून यादी सुधारली. प्रत्येक डब्यात न्यूट्रल, डबे खोल. स्विच झिगबी किंवा मॅटर-थ्रेड. सेन्सर त्याच रेडिओचे. पंखे बीएलडीसी, कायम वीज आणि रिमोटची नक्कल. एसी आयआरवर. कुलूप थ्रेडचं. केंद्र होम असिस्टंट. सहायक कोणताही, थ्रेड असलेला.

दोन शंका. झिगबी आणि थ्रेड दोन्ही ठेवले तर भांडतील का? आणि एका कंपनीचा बॉर्डर राउटर असताना दुसरीचा आणला तर थ्रेडची दोन जाळी होतात असं ऐकलं.

२५. मेश_मावशी

पहिली: भांडत नाहीत, वेगवेगळ्या चॅनलवर असले तर. झिगबी २५ वर ठेवा. थ्रेडचा चॅनल बॉर्डर राउटर स्वतः निवडतो, तो कुठे बसलाय ते बघून गरज पडली तर झिगबी २० ला आणा. पण वीस-पंचवीस स्विचच्या घरात मेशचे खांब दोन जाळ्यांत वाटू नका. अर्धे इकडे अर्धे तिकडे केले की दोन्ही जाळी विरळ होतात. स्विच सगळे एकाच रेडिओचे.

२६. रेंजबाहेर

दुसरी: ऐकलं ते खरं. दोन कंपन्यांचे बॉर्डर राउटर आपापलं जाळं उभारतात आणि उपकरणं वाटली जातात. सप्टेंबर २०२४ च्या थ्रेड १.४ मध्ये जाळ्याची किल्ली एकमेकांना द्यायची ठरावीक पद्धत आली, पण दोन्ही बाजूंना ती आवृत्ती पोचलेली हवी. तोवर बॉर्डर राउटर एकाच कंपनीचे घ्या, आणि कुलपापासून फार लांब नको.

२७. फेज_न्यूट्रल

यादीत एक सुधारणा. सहाही पंखे एकदम घेऊ नका. एक घ्या, त्याचा रिमोट ब्लास्टरला शिकवा, सगळे वेग, टायमर, सगळं तपासा, मग उरलेले पाच. काही रिमोटचा सिग्नल शिकवता येतच नाही. स्विचचंही तेच: एका खोलीचे आधी, आठवडाभर वापरून मग बाकी.

२८. उघडा_दरवाजा

आणि मॅटरचा कोड ज्या स्टिकरवर असतो ते स्टिकर बहुतेक मॉड्यूलच्या पाठीवर असतं. मॉड्यूल भिंतीत गेलं की कोडही भिंतीत गेला. बसवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा, फोटोला 'बेडरूम, डावीकडून दुसरा' असं नाव द्या. पंचवीस स्विच म्हणजे पंचवीस फोटो.

२९. निळा_दिवा

आणि त्यातला एक धूसर येणार. तो नेमका कपाटामागच्या स्विचचा असणार.

३०. उघडा_दरवाजा

म्हणूनच फोटोखाली ११ आकडे हातानेही लिहून ठेवा.